वाचा : पाचपैकी

रात्री अकरा वीस.
चौघांनी त्याला दारावर घालून आणलं,
कुणाच्यातरी दुकानाचं दार, कडी अजून खुळखुळत होती.
बोडाचा चालक, म्हणाले. ट्रकखाली जाता जाता वाचला.
वाचला, हा शब्द त्यांनी फार लवकर वापरला.

मान आधी.
कॉलर मार्चपासून संपलेत. दोन टॉवेल गुंडाळून
डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावले, कपाळावरून पट्टी.
श्वास ऐकला. घरघर नाही.
बोट टोचून साखर पाहिली. ठीक.
कानामागे सूज, कानातून काही नाही.
बाहुल्या सारख्या, दोन्ही
माझ्या फोनच्या उजेडाला लाजून आत जाणाऱ्या.

डोळे : चार.
हालचाल : सहा. हात वर, मी करून दाखवलं. त्यानं केला.
वाचा :

इथं पेन थांबलं.
तो बोलत होता की. एकसारखा,
सुपातून दाणे पडावेत तसा,
आणि त्यातला एकही दाणा माझ्या पदरात नाही.
मी लामुनू, उत्तरेची. माझी अचोली.
डोंगराची भाषा तीन वर्षांत आली ती एवढीच :
दुखतं का. कुठे. तोंड उघड.

शिवाय वारागीचा भपकारा, शर्टापासून बुटांपर्यंत.
वॉचमन म्हणाला, प्यायलाय सिस्टर, झोपू द्या, सकाळी उठेल.
झोपू द्या म्हणून सोडलेली माणसं
मी सकाळी पाहिलेली आहेत.

तक्ता म्हणतो :
नुसते आवाज, दोन. सुटे शब्द, तीन. गोंधळलेला, चार.
रुग्ण शुद्धीत, नर्स अडाणी
असा रकाना त्यात नाही.

मग गमबूट घातलेली इथुंगू, फरशी पुसता पुसता,
काठीवर हनुवटी टेकवून :
किनांदे आहे ही. सीमेपलीकडची.
आमच्या भाषेची मावसबहीण.
काय म्हणतोय?
म्हणतोय, आज मंगळवार. नाव कासेरेका. म्पोंड्वेहून निघालो.
म्हणतोय, दारू माझी नाही,
मागे बसलेल्या म्हाताऱ्याच्या डब्यातली.
म्हणतोय, पंधरा वेळा सांगितलं तुम्हाला,
तो म्हातारा कुठाय?

मी पाच लिहिलं.
वॉचमन कंदील घेऊन पळाला, चपला दारातच.
म्हातारा वळणावरच्या गटारात सापडला,
पाय मोडलेला, रिकामा डबा पोटाशी धरून,
चौघांच्या नावानं शिव्या देत. त्याला काही झालं नव्हतं
म्हणजे पाय सोडून.

दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच :
दिवस कुठला? गाव? बायकोचं नाव?
इथुंगू विचारी, तो वैतागून सांगे.
त्याचा वैताग मला फार आवडू लागला.

एक वाजून पाच.
उत्तर आलं, पण जड, ओलं.
इथुंगू वाकली. कान त्याच्या ओठांशी नेला.
बराच वेळ तशीच राहिली.
काय म्हणतोय?
ती सरळ झाली.
आता मलाही कळत नाही.

नाडी अठ्ठेचाळीस. उजवी बाहुली मोठी, उजेडाला बेपर्वा.
खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, ऑक्सिजन,
शेवटची मॅनिटॉलची बाटली. फोन. पुन्हा फोन.
गाडी आली तेव्हा चालक विचारत होता, थांबू का सकाळपर्यंत?
मी त्याला दोन आकडे दाखवले,
अकरा वीसचा आणि आत्ताचा,
मधला उतार बोटानं.
पहिला खोटा लिहिला असता
तर हा उतार कुणालाच दिसला नसता.

इथुंगू चढली गाडीत, गमबुटांसकट.
चिठ्ठीवर मी वेळा लिहिल्या, औषध लिहिलं,
आणि खाली, ठळक : भाषा किनांदे.
शुद्धीवर आला तर आधी म्हाताऱ्याचं सांगा,
की सापडला.

मग अर्धी पुसलेली फरशी
मी पूर्ण केली.